पिवळा स्टिकर आणि अक्कांचं नाक

सर्जापूर रोड,
गुरुवार, ७ नोव्हेंबर २०२४

अक्का,

आधी नमस्कार घ्या, मग पत्राचं कारण विचारा. कोणी गेलेलं नाही, कोणाचं ठरलेलंही नाही. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, आणि प्रत्यक्ष यावं म्हटलं तर सकाळी निघालेला माणूस सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्येच दुपारचं जेवण करतो. आई नेहमी म्हणायची, माझी मावसबहीण सत्यवती बेंगळुरूत आहे, तिला पत्र टाकलं की उत्तर येतंच. पन्नाशीला आलेला तिचा मुलगा आता ते तपासून बघतोय.

श्वेताची दर गुरुवारी जयनगरच्या क्लिनिकमध्ये ड्युटी असते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. (ती लोकांना काय खावं ते सांगते आणि घरी मी नेमकं उलटं खातो. असा आमचा सोळा वर्षांचा संसार.) तिच्याबरोबर पिशवी पाठवलीय. तीत खोकल्याच्या औषधाच्या तीन धुतलेल्या बाटल्या आहेत, वर १, २, ३ अशा चिठ्ठ्या डकवल्यात. आत द्राक्षाचं सरबत आहे. आमच्या ऑफिसकडे एका सरबतवाल्या कंपनीचं काम आलंय, त्यांना वासाबद्दल अभिप्राय हवा आहे. तुम्ही फक्त झाकण उघडायचं, हुंगायचं आणि काय वास आला ते लिहायचं. प्यायचं नाही.

तुम्हीच का, असं विचाराल. चाळीस वर्षं तुम्ही तुमच्या कॉफीपुडीच्या दुकानात दळणाच्या मशीनशेजारी बसलात. पोतं न उघडता सांगायचात म्हणे की आतल्या बिया ओल्या लागल्यात. ते ऐकीव झालं, पण गणपतीत आमच्या घरात पाऊल टाकताच तुम्ही म्हणालात, ‘दूध उतू गेलंय, आणि आजचं नाही.’ मी त्या घरात राहतो आणि मला पत्ता नव्हता.

श्वेताला मी सांगितलंय की पिशवीत तुमचं औषध आहे. तेवढं सांभाळून घ्या.

तुमचा,
अजित

*

जयनगर,
गुरुवार, ७ नोव्हेंबर, दुपार

अजिता,

तुला आशीर्वाद, आणि बुद्धीसाठी स्वल्प जास्तीचा.

सरबत म्हणे! अय्यो, मी बहात्तर वर्षांची आहे, दोन वर्षांची नव्हे. आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत दारूचं दुकान होतं. त्याचं शटर वर गेलं की मला इकडे मशीनवर बसून कळायचं. ही वाइन आहे. वाइन पाठव, विष पाठव, पण मला सरबत म्हणून सांगू नकोस.

आता ऐक. एक नंबर, जांभळाच्या बिया उन्हात वाळत घातल्या की येतो तसला वास, मागून मिरी. चांगला माल आहे. दोन नंबर, कच्चा पेरू. माल वाईट नाही पण दमलाय, ठेवून देऊ नका, संपवा. तीन नंबर, भिजलेलं गोणपाट! पावसात पोती भिजली की हाच वास यायचा आणि आमचे वडील, आप्पाजी, अख्खी गाडी परत पाठवायचे. ती ओतून दे. झाडाला घालू नकोस, झाडाने काय पाप केलंय?

दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली. तिथे आता एक जण मोबाइलची कव्हरं विकतो, त्यांना कसलाच वास नसतो. सहा वर्षांत मला कोणी काही हुंगायला दिलं नव्हतं. घरात सगळे विचारतात, अक्का जेवलात का, अक्का गोळी घेतली का. आज किती दिवसांनी कोणीतरी विचारलं की अक्का, माल कसा आहे? मला फार बरं वाटलं. पुढच्या गुरुवारी आणखी पाठव.

आणि बायकोला औषध कशाला सांगतोस? ती पिशवी माझ्या हातात देताना हसत होती.

सत्यवती

*

सर्जापूर रोड,
गुरुवार, १४ नोव्हेंबर

अक्का,

पकडलंत. सरबताची थाप मला सुचली तेव्हा फार भारी वाटली होती, मला सुचलेल्या बहुतेक गोष्टी वाटतात तशीच.

सगळं सांगतो. आमच्या सोसायटीत नऊशे फ्लॅट आहेत. नागपूरहून इथे आलो तेव्हा आठ वर्षं मी ‘सी अकराशे चार’ होतो. वॉचमन त्या नंबराने हाक मारायचा, लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे न बघता वर जाणारे आकडे बघायचे. मग मला पिवळ्या स्टिकरचा नाद लागला. सुपरमार्केटात मागच्या कोपऱ्यात वाइनचं कपाट असतं. कंपनीने लेबल बदललं, नव्या वर्षाचा माल आला, किंवा बाटली फार दिवस पडून राहिली की तिच्यावर पिवळा स्टिकर लागतो आणि हजाराची बाटली सहाशेला मिळते. यातली कुठली खरंच चांगली आणि कुठली वाया गेलेली, हे ओळखणं हाच माझा धंदा. खिडकीच्या उन्हात उभ्या ठेवलेल्या बाटल्या घ्यायच्या नाहीत. लेबलाचा रंग उडालाय म्हणजे आतलाही उडालाय. फिरकीच्या झाकणाला नाक मुरडायचं नाही. खालच्या फळीवर धूळ खात आडव्या पडलेल्या बाटल्यांसाठी गुडघे टेकायचे. देवळातही मी इतक्या भक्तीने गुडघे टेकत नाही.

दर शुक्रवारी सोसायटीच्या ग्रुपवर मी यादी टाकतो. तेव्हापासून मी ‘वाइनवाले अजित’ झालो. आमचे सेक्रेटरी वादिराज तर म्हणतात, ‘अजित हेळिद्रे मुगीतु’, म्हणजे अजित बोलला की विषय संपला. मला लाज वाटायला हवी, पण खरं सांगतो, लिफ्टमध्ये कोणी नाव घेऊन हाक मारली की मी चार मजले उगाच वर जाऊन येतो.

सध्या जरा सर्दी झालीय, म्हणून तुमचं नाक उसनं मागितलं. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. आज आणखी दोन बाटल्या पाठवतोय.

अजित

*

जयनगर,
गुरुवार, १४ नोव्हेंबर

अजिता,

दोन्ही ठीक. पहिलीत लिंबाचं साल, दुसरीत कोकमाचा डबा. दोन्हींवर लाव तुझा ‘विषय संपला’चा शिक्का.

श्वेताबरोबर एक मोठा स्टीलचा डबा पाठवलाय. कॉफीपुडी आहे. घरात पडून होती, मला आता डॉक्टरांनी एकच कप ठेवलाय. सर्दीला बरी. सकाळी फिल्टरला लाव आणि कशी झाली ते कळव. नीट कळव, उगाच चांगली चांगली करू नकोस.

सत्यवती

*

सर्जापूर रोड,
गुरुवार, २१ नोव्हेंबर

अक्का,

काय ती कॉफी! डबा उघडला आणि घर दरवळलं. पहिल्या घोटाला मला तुमचं दुकान आठवलं, जे मी फक्त दोनदा पाहिलंय. भाजणी नेमकी, चिकोरी नेमकी, मागे थोडा चॉकलेटचा भास. बाजारातल्या सगळ्या पुड्या आता गटारात टाकाव्यात असं वाटतं.

रोज पहाटे उठून मीच करतो आता. एक टंबलर श्वेताला, एक मला. लग्नानंतर मी तिला सकाळची कॉफी करून दिल्याचं हे पहिलंच उदाहरण, म्हणून ती कप घेते तेव्हा मी समोर उभा राहून बघतो.

सर्दी अजून आहे. सोबत दोन बाटल्या.

अजित

*

जयनगर,
गुरुवार, २१ नोव्हेंबर

अजिता,

बाटल्या नंतर. आधी हे.

तुझी सर्दी नाही. सर्दीवाला माणूस शिंकतो, नाक पुसतो, पत्रात दोन ओळी रडतो. तुझं नाक गेलंय. अगदी पूर्ण गेलंय. गणपतीत दूध जळल्याचा वास सगळ्या घराला होता आणि तू त्या गॅससमोर उभा राहून मला मोदक वाढत होतास, तेव्हाच मला शंका आली होती. आज कॉफीबद्दल जे लिहिलंस त्याने खात्री झाली. कशी झाली ते आज सांगत नाही.

कधीपासून? डॉक्टरला दाखवलंस? श्वेताला सांगितलंस?

आणि एक. ती कॉफी पिऊन श्वेता काय म्हणाली? तिचे शब्द जसेच्या तसे कळव.

सत्यवती

*

सर्जापूर रोड,
गुरुवार, २८ नोव्हेंबर

अक्का,

तुमचं पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन साबण हुंगला. काही नाही. रोज हुंगतो.

जुलैत ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. ऑफिसजवळच्या डॉक्टरला गुपचूप दाखवलं. तो म्हणाला, येईल कदाचित, नाहीही येणार. रोज ठरलेले चार वास हुंगत जा, नाकाला सवय लावा. मी नाही केलं. हुंगायला बसलं म्हणजे गेलंय हे कबूल करणं, आणि ते मला होत नव्हतं.

श्वेताला सांगितलेलं नाही. सोसायटीचं राहू द्या, ते लोक आज ओळखतात, उद्या विसरतील. पण शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं बाल्कनीत बसतो, अक्का. मी आठवड्याची पिवळ्या स्टिकरची बाटली उघडतो, ग्लास फिरवतो, नाक घालतो आणि तिला सांगतो की यात काय काय आहे. ती ऐकते, हसते, चिडवते. आठवड्यात तेवढा एकच तास आम्ही हप्ते, मुलीची फी, तिचे पेशंट, माझा मॅनेजर यांच्याबद्दल बोलत नाही. नाक गेलंय म्हटलं की तो तास गेला. मग बाल्कनीत फक्त दोन माणसं आणि एक स्वस्तातली बाटली उरेल. मला त्याची भीती वाटते. जुलैपासून मी बाटलीच्या मागचं लेबल आधी पाठ करतो आणि तिला म्हणून दाखवतो. आता तुमचं पाठ करून म्हणतो.

तुम्ही विचारलेले तिचे शब्द: ‘छान आहे. अक्कांना सांग.’ रोज पूर्ण कप संपवते.

आता संकट. ७ डिसेंबरला क्लबहाऊसमध्ये वादिराजनी कार्यक्रम ठेवलाय. पाच सवलतीच्या वाइन, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि मी हुंगून चाळीस लोकांना सांगायचं. पाचही प्रकार मीच निवडलेत, नंबरही मीच घातलेत, त्यामुळे फसवणूक सोपी आहे. प्रत्येकीतलं थोडं थोडं पाठवतोय. एवढा एक दिवस काढून द्या.

अजित

*

जयनगर,
गुरुवार, २८ नोव्हेंबर

अजिता,

एक: लिंबाचं साल. दोन: पेरू, पण पिकलेला. तीन: ते आपलं जांभूळ आणि मिरी, पाचांत हीच चांगली. चार: खजूर. पाच: उकडलेलं बीट, कोणाला आवडत असेल तर असो.

‘छान आहे’ म्हणाली? आणि पूर्ण कप? मी हे वाचून दहा मिनिटं पत्र मांडीवर ठेवून बसले होते.

कार्यक्रमाआधी तिला सांग. मी सांगते म्हणून नको, माझं मन सांगतंय म्हणून.

सत्यवती

*

सर्जापूर रोड,
गुरुवार, १२ डिसेंबर

अक्का,

नाही सांगितलं. आणि आता तीच माझ्याशी बोलत नाही.

कार्यक्रम जोरात चालला होता. पहिल्या दोन बाटल्यांना टाळ्या. तिसरी बाटली, जांभूळ-मिरीवाली, दुकानातून त्या दिवशीच नवी आणली होती. मी ग्लास फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले (डोळे मिटायची काही गरज नसते, पण लोकांना आवडतं) आणि म्हणालो, ‘जांभूळ. उन्हात वाळवलेलं. मागून मिरी.’ वादिराजनी हुंगलं आणि म्हणाले, ‘करेक्ट, मिरी!’ मग सगळ्यांनाच मिरी यायला लागली. एका काकूंना तर त्यात केशर सापडलं.

तेवढ्यात श्वेताने स्वतःचा ग्लास नाकाजवळ नेला, खाली ठेवला, आणि तिचा कोपर लागून अख्खी बाटली टेबलावर आडवी झाली. मी ओतायला घेतलेले चार ग्लासही गेले. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, तोही सोसायटीचा! ‘सॉरी, किती वेंधळी मी,’ म्हणाली आणि टिपायला लागली. माझं डोकंच फिरलं. पाचांतली सगळ्यात चांगली बाटली होती ती! मी चाळीस माणसांसमोर तिला म्हणालो, ‘जरा बघून वागत जा. तुला यातलं कळत नाही तर निदान लांब उभी राहा.’

ती टिपतच राहिली. चौथी आणि पाचवी बाटली मी ओळखली, टाळ्या घेतल्या, शंभर बाटल्यांची ऑर्डर ठरली. घरी जाताना लिफ्टमध्ये ती आकडे बघत होती. सोळा वर्षांत तिच्या हातून कपसुद्धा फुटलेला नाही, आणि नेमकं त्याच दिवशी!

कॉफी मात्र रोज घेते. कप घेते, संपवते, निघून जाते.

टेबलक्लॉथ पाठवतोय. धुतलेला नाही. कॉफीचे डाग काढण्यात तुमचं आयुष्य गेलं, हाही डाग निघतो का बघा. वादिराज मागतायत.

अजित

*

जयनगर,
गुरुवार, १२ डिसेंबर

अजिता,

डाग निघेल. दुसरं सांगते ते आधी वाच, बसून वाच.

टेबलक्लॉथची घडी उघडली आणि मी मागे सरकले. भिजलेलं गोणपाट! पाच दिवस झाले तरी. अरे, तू मला पाठवलेली बाटली वेगळी आणि त्या दिवशी फोडलेली वेगळी. एकाच मळ्याचं एक पोतं चांगलं निघतं आणि दुसरं सडकं, हे मी चाळीस वर्षं पाहिलं. तू सडक्या पोत्यावर उभा राहून जांभूळ जांभूळ ओरडत होतास. चाळीस माणसं धडधाकट नाकांची, पण तू म्हणालास म्हणून त्यांना मिरी आली. त्या खोलीत एकटीला खरा वास आला. तिने काय करायला हवं होतं? ‘माझ्या नवऱ्याला वास येत नाही’ म्हणून सांगायचं? दुसरा कोणी ओळखायच्या आत तिने बाटली आडवी केली आणि वेंधळी म्हणवून घेतलं. आणि तू तिलाच बोललास. मूर्खा!

आता माझं पाप. तुला दिलेली कॉफीपुडी सहा वर्षांची जुनी. जिथे ठेवली होती तो डबा हिंगाचा. त्याआधी त्यात आठ वर्षं खडा हिंग होता. ती कॉफी म्हणजे हिंगाचं पाणी आहे. तुझी परीक्षा घ्यायला मी मुद्दाम पाठवली होती, वाटलं एका घोटात ओरडशील. तू मला चॉकलेटचा भास लिहून पाठवलास.

ते तुझं झालं. पण श्वेताचं नाक तर शाबूत आहे ना? मग ती रोज कप कसा संपवते? ‘छान आहे, अक्कांना सांग’ का म्हणते? मला ते २८ तारखेलाच कळलं होतं, आणि मी म्हातारी नवरा-बायकोत कशाला पडू म्हणून गप्प बसले. तिचा आणखी दोन आठवडे छळ केला. मला क्षमा करायला सांग तिला.

आज घरी जा आणि बोल. पत्राचं उत्तर नाही आलं तरी चालेल.

सत्यवती

*

सर्जापूर रोड,
रविवार, १५ डिसेंबर

अक्का,

तुमचं पत्र तिनेच आणून दिलं, पाकीट बंद. मी वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डबा हुंगला. काही नाही. मग बोट पुडीत बुडवून जिभेवर ठेवलं. कडू, एवढंच. त्या कडूवर मी चॉकलेटचं वाक्य लिहिलं होतं. लेखक व्हायला हवं होतं मी.

काल शनिवार. बाटली न उघडता बाल्कनीत गेलो आणि म्हणालो, ‘श्वेता, मला वास येत नाही.’ ती म्हणाली, ‘जुलैपासून. भेंडी करपून कोळसा झाली आणि तू शेजारी उभा राहून मोबाइल बघत होतास.’ मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, ‘तू सांगशील म्हणून थांबले. आणि शनिवारी तू जे काही सांगतोस ना, ते मला ऐकायचं असतं. खोटं का असेना.’

अक्का, मी रडलो. अकराव्या मजल्यावर, समोरच्या टॉवरमधून दिसत असताना. तिची माफी मागितली, क्लबहाऊसमधल्या त्या वाक्याची तर दोनदा. मग एवढं कबूल केलंच आहे तर राहिलेलंही करू म्हणून सांगितलं की नाक होतं तेव्हाही, तुला सांगायचो तो वाइनमधला वेलदोडा मला कधी आला नव्हता. तेव्हाही मी मागचं लेबलच वाचायचो. त्यावर ती इतकी हसली की खालून वॉचमनने वर पाहिलं.

आज सकाळी ग्रुपवर लिहून टाकलं. नाक गेलंय, वास सगळे जयनगरच्या अक्कांनी सांगितलेले, तिसरी बाटली सडकी होती, ऑर्डर रद्द करा. दोन तासांनी वादिराजचं उत्तर आलं, ‘मला तेव्हाच संशय आला होता.’ त्यांना मिरी आली होती हे मी चारचौघांत काढणार नाही. लिफ्टमध्ये उद्यापासून काय होतं ते बघू. पण यादीवर आता तुमचं नाव घालायचं का, असं वादिराज तुम्हाला विचारायला सांगतात.

बाकीचं श्वेता लिहितेय. मला वाचायला देणार नाही म्हणते.

अजित

*

गुरुवार, १९ डिसेंबर,
क्लिनिकमधून, दोन पेशंटच्या मधे

अक्का,

क्षमा कसली मागता? पण पुढच्या वेळी परीक्षा घ्यायची असेल तर मला आधी कळवा, मी नाश्ता करून बसेन.

अठ्ठावीस दिवस प्यायले. पहिल्या दिवशी घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. वर पाहिलं तर हा टंबलर घेऊन समोर उभा, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा माझ्या तोंडाकडे बघत. माझ्यासाठी पहाटे उठला होता. कोणत्या तोंडाने सांगणार होते, की वाईट झालीय? ‘छान आहे’ म्हटलं. मग रोजच म्हणावं लागलं. आता पोट मात्र उत्तम आहे, हे आहारतज्ज्ञ म्हणून सांगते.

डबा घासून तीन दिवस उन्हात ठेवला. वास गेलेला नाही. परत पाठवतेय. खरी कॉफी आता दुसऱ्या डब्यात भरून द्या, सत्तर टक्के कॉफी, तीस टक्के चिकोरी. हिंगाचा खडा वेगळा बांधून द्या. डॉक्टरांनी रोज हुंगायला सांगितलेल्या चार वासांत त्याने स्वतःच्या मनाने हिंग पाचवा घेतलाय.

काल रात्री त्याने डब्यात नाक घालून बराच वेळ काढला. मग म्हणाला, ‘श्वेता, काहीतरी आहे. अगदी बारीक.’ खरंच आलं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, मला कळेना. मी ‘करेक्ट’ म्हटलं नाही. रविवारी आम्ही दोघं तुमच्याकडे येतोय, सिल्क बोर्डला दुपार झाली तर होऊ दे. त्याचे डोळे बांधा, डबा पुढे धरा आणि तुम्हीच बघून सांगा.

तुमची,
श्वेता